टनभर माल, घाट आणि डिझेलचा दाब

रविवार, सपाटीवर

गाडी मामांची. डबल केबिन पिकअप, चार सिलिंडर, कॉमन रेल डिझेल. मागे लोखंडी पाइप आणि पाण्याच्या पंपांचं सामान, सगळं मिळून टनभर. आधी सपाटी, मग मोठा घाट, घाटमाथ्यावरचं लांबलचक पठार, त्यापुढे २००० मीटर उंचीवरची खिंड आणि खिंडीपलीकडच्या दरीत माल उतरवायचा, असा रस्ता. मुक्काम ठरवलेले नव्हते. अंधार पडेल तिथे थांबायचं.

सपाटीवर गाडीने हूं की चूं केलं नाही. मी सवयीने स्टिअरिंगखालच्या सॉकेटला स्कॅनर लावला होता आणि फोनवर आकडे बघत बसलो होतो. इंजिन नुसतं चालू असताना, म्हणजे आयडलवर, डिझेलचा दाब ३०० बारच्या आसपास (एक बार म्हणजे साधारण समुद्रसपाटीच्या हवेचा दाब), ऐंशीच्या वेगाला ६००-७००. कंप्युटर जेवढा मागतोय तेवढा मिळतोय.

"फोनमध्ये काय शोधतोस?" मामांनी विचारलं. "इंजिन बोलतं, ते ऐक."

मामांचं उभं आयुष्य जुन्या पंपाच्या डिझेलवर गेलेलं. त्यात पंप प्रत्येक इंजेक्टरला, म्हणजे सिलिंडरमध्ये डिझेल फवारणाऱ्या नोझलला, वेगळ्या नळीने डिझेल मारायचा, दाब दोनशे बारच्या आगेमागे गेला की इंजेक्टरची सुई आपोआप उचलली जायची. सगळं कानाला कळायचं. या गाडीत पंप सतत एका जाड नळीत, म्हणजे रेलमध्ये, दाब भरून ठेवतो आणि कोणता इंजेक्टर कधी उघडायचा ते कंप्युटर ठरवतो. आवाज कमी, धूर कमी, ताकद जास्त. पण काही बिनसलं तर कान पुरत नाही. हे मी मामांना सांगितलं नाही, कारण पुढचा रस्ता अजून बराच बाकी होता.

सोमवार, घाट

घाटाचा पहिला टप्पा नीट गेला. तिसऱ्या वळणानंतर चढ अंगावर आला, मामांनी तिसरा गिअर टाकला, रेस दिली आणि गाडीने अचानक ओढणं सोडलं. झटका नाही, मिसिंग नाही. नुसती ताकद गेली. डॅशबोर्डवर इंजिनचा पिवळा दिवा लागला आणि त्यानंतर पाय कितीही दाबला तरी आरपीएम एका मर्यादेच्या वर जाईना. गाडीने लिंप मोड घेतला होता. इंजिनला इजा होऊ नये म्हणून कंप्युटर मुद्दाम ताकद तोडतो, ती अवस्था.

डावीकडे मोकळी जागा बघून गाडी घेतली, चाकांना दगड लावले, कोड वाचला. पी ००८७. रेलमधला दाब मागणीपेक्षा कमी.

"पंप गेला," मामा म्हणाले.

हा कोड आला की दहातले नऊजण हेच म्हणतात. हाय प्रेशर पंप महाग असतो, तो बदलला जातो आणि पुढच्या चढावर तोच दिवा पुन्हा लागतो. कोड फक्त एवढंच सांगतो की कंप्युटरने दाब मागितला आणि तो मिळाला नाही. का मिळाला नाही, याबद्दल कोड गप्प असतो. शक्यता चार. पंपापर्यंत डिझेल पुरेसं येत नाही. किंवा येतं, पण पंप दाबू शकत नाही. किंवा दाबतो, पण पुढे इंजेक्टरमधून नाहीतर रेलच्या दाबमर्यादा व्हॉल्वमधून ते रिटर्नला, म्हणजे टाकीकडे परत जाणाऱ्या नळीत, निसटतं. किंवा सगळं ठीक आहे आणि सेन्सरच खोटं सांगतोय. पहिली शक्यता सगळ्यात स्वस्त आणि माझ्या अनुभवात सगळ्यात जास्त वेळा खरी ठरणारी. नेमकी तीच लोक शेवटी तपासतात.

सेन्सरचं खरंखोटं जागीच कळलं. इंजिन बंद करून थोडं थांबलो, मग फक्त चावी फिरवून आकडा पाहिला. दाब उतरल्यावर रेल शून्याच्या जवळ दिसली पाहिजे, तशी दिसली. सेन्सरचा व्होल्टेजही शून्य दाबाला साधारण अर्धा व्होल्ट असतो, तोही तसाच होता. एवढ्यावर सेन्सर संपूर्ण निर्दोष ठरत नाही, पण रांगेत मागे जातो.

दहा मिनिटांनी गाडी चालू केली, कोड पुसला आणि निघालो. गाडी अगदी ठणठणीत. दोन-तीन वळणं मजेत चढली आणि पुन्हा तेच. या वेळी मी फोनवरच डोळे लावून बसलो होतो. मागणी १४०० बार. मिळतोय तो १३५०, १२००, १०५०, ९००. कंप्युटर मीटरिंग व्हॉल्वला, म्हणजे पंपात किती डिझेल जाऊ द्यायचं ते ठरवणाऱ्या झडपेला, पूर्ण उघडायला सांगतोय आणि तरी दाब पायरीपायरीने खाली. पुन्हा थांबलो, पुन्हा दहा मिनिटं, पुन्हा ठणठणीत.

तिसऱ्या थांब्याला मामा बराच वेळ बोनेटकडे बघत उभे होते. मग म्हणाले, "दमलेला माणूस बसला म्हणून लगेच उठून पळत नाही. ही पळतेय. ही दमलेली नाही. हिचा गळा कोणीतरी धरतंय आणि सोडतंय."

स्कॅनरशिवाय केलेलं याहून चांगलं निदान मी ऐकलेलं नाही. झिजलेला पंप किंवा गळका इंजेक्टर गरम असताना जास्त त्रास देतो आणि दहा मिनिटांत इंजिन फारसं थंड होत नाही. मग गाडी बरी होते ती कशाने? इंजिन बंद झाल्यावर टाकीतून डिझेल ओढणं थांबतं, या एकाच गोष्टीने.

उरलेला घाट दुसऱ्या गिअरमध्ये, पाय हलका ठेवून चढलो. मागणी ८००च्या वर जाऊ दिली नाही, त्यामुळे दिवा लागला नाही. मागून येणाऱ्यांनी हॉर्नने आमचा उद्धार केला तेवढाच.

माथ्यावर अंधार पडण्याआधी टाकीचं झाकण उघडून पाहिलं. टाकीला हवा आत घेणारी वाट असते. ती बुजली तर डिझेल उपसलं जाईल तशी टाकीत पोकळी होते आणि पुरवठा तुटतो. अशा वेळी झाकण उघडताना फुस्स असा आवाज येतो. आमच्या झाकणाने आवाज केला नाही. एक शक्यता गेली.

मंगळवार, पठार

सकाळी फिल्टर. या गाडीत टाकीत इलेक्ट्रिक पंप नाही. हाय प्रेशर पंपाच्याच अंगाला एक छोटा गिअर पंप आहे, तो टाकीतून डिझेल ओढतो. म्हणजे टाकी, नळ्या आणि फिल्टर, सगळं ओढीच्या बाजूला. टाकीत इलेक्ट्रिक पंप असलेल्या गाड्यांत याच भागात डिझेल ढकललं जातं, त्यामुळे तिथे दाब मोजायचा असतो. इथे ओढ मोजायची. तुमची गाडी कोणत्या पद्धतीची आहे हे कळल्याशिवाय गेज लावण्यात अर्थ नाही.

फिल्टरखालचा पाण्याचा स्क्रू सोडून काचेच्या बरणीत थोडं काढलं. बरणी पाच मिनिटं सावलीत ठेवली. तळाशी पाण्याचे थेंब वेगळे झाले आणि पाणी नि डिझेल भेटतं तिथे काळ्या चिंधड्या तरंगायला लागल्या. वाळू, गंज असता तर तळाशी बसला असता. या चिंधड्या मधेच लोंबकळत होत्या.

जवळचा नवा फिल्टर बसवायचा तर मामांनी सवयीने तो कॅनमधल्या डिझेलने भरायला घेतला.

"मामा, भरू नका. तुम्ही भराल ते डिझेल फिल्टरच्या स्वच्छ बाजूला पडेल आणि न गाळता सरळ पंपात जाईल."

"आजवर भरतच आलोय."

"जुन्या पंपाला चालायचं. या इंजेक्टरमधली फट दोन-तीन मायक्रॉनची असते."

फिल्टर कोरडा बसवला, वरचा हँड प्रायमर दाबत राहिलो. प्रायमर घट्ट झाला की डिझेल पोचलं. एअर काढण्यासाठी मामा पाना घेऊन इंजेक्टरच्या नळीकडे वळले, तेव्हा मात्र मी त्यांचा हात धरला. जुन्या गाडीत इंजेक्टरचा नट ढिला करून सेल्फ मारायचा आणि फेसाळ डिझेल बाहेर येऊन साफ धार आली की नट आवळायचा, ही पिढ्यानपिढ्यांची रीत. कॉमन रेलवर तसं कधीच करू नये. हजार बारच्या धारेला कातडी म्हणजे काहीच नाही. ती आत घुसते, बाहेर टोचल्याएवढी खूण दिसते, दुखतही नाही फार, आणि आत डिझेल स्नायूंमध्ये पसरत जातं. अशी जखम म्हणजे तत्काळ शस्त्रक्रियेचा मामला. गळती शोधायलाही हात फिरवायचा नाही, पुठ्ठा धरायचा. आणि इंजिन बंद केल्यावर मॅन्युअलमध्ये लिहिलेला वेळ गेल्याखेरीज हाय प्रेशरच्या एकाही नटाला पाना लावायचा नाही. एअर काढायची ती हँड प्रायमरने, कमी दाबाच्या बाजूला. पुढचं काम पंप स्वतः करतो.

मामांनी पाना खाली ठेवला. "म्हणजे मी आता नुसता बघ्या."

जुना फिल्टर मात्र त्यांनीच हॅक्सॉने कापला. कागदाच्या घड्या काळ्या, बुळबुळीत. घड्या उन्हात धरून चमक शोधली, चुंबकही फिरवला. हे करायला हवंच. फिल्टरमध्ये किंवा मीटरिंग व्हॉल्वच्या जाळीवर धातूची चमकदार भुकटी सापडली तर हाय प्रेशर पंप स्वतःलाच खातोय असं समजावं. मग ती भुकटी रेल, इंजेक्टर, रिटर्न, सगळीकडे गेलेली असते आणि एकटा पंप बदलून भागत नाही. आमच्या फिल्टरमध्ये चमक नव्हती. नुसता काळा बुळबुळीत थर.

नव्या फिल्टरवर गाडी पठाराच्या डांबरी रस्त्यावर सुसाट. मामा म्हणाले, "बघ, फिल्टरच होता." दुपारनंतर कच्चा रस्ता लागला, खड्ड्यांनी टाकी ढवळली गेली आणि पहिल्याच चढावर पिवळा दिवा. फिल्टर नवा, तरी गळा धरलेलाच.

बुधवार, मोजमाप

हा दिवस प्रवासाचा कमी आणि पाना-पक्कडीचा जास्त. एका मोठ्या झाडाखाली गाडी सपाट जागी लावली. जवळच कच्च्या रस्त्याचा लांब चढ होता, रहदारी नव्हती. तपासणीला यापेक्षा चांगली जागा मिळाली नसती. उभ्या गाडीला कितीही रेस द्या, इंजिनवर ओझं नसतं, डिझेल थोडंच लागतं आणि हा दोष लपून बसतो. टनभर माल आणि चढ, दोन्ही एकत्र आले की तो बाहेर येतो. म्हणून आम्ही माल उतरवला नाही, हे बरंच झालं.

आधी इंजेक्टर. प्रत्येकाच्या रिटर्नची नळी काढून त्या जागी पारदर्शक नळी आणि एकेक मोजपट्टीची बाटली लावली, मूळ रिटर्नचं तोंड बंद केलं. इंजिन आयडलवर ठरावीक वेळ चालवून चारही बाटल्यांची पातळी बघितली. एखादा इंजेक्टर आतून झिजला असेल तर त्याची बाटली इतरांपेक्षा भराभर भरते. आमच्या चारही जवळपास सारख्या आणि मॅन्युअलच्या मर्यादेच्या आत. गरम इंजिनवरही सेल्फ अर्ध्या फेऱ्यात घेत होता, हीदेखील इंजेक्टरच्या बाजूने साक्ष. इंजेक्टर किंवा दाबमर्यादा व्हॉल्व गळत असेल तर गरम गाडी चालू व्हायला नखरे करते, कारण सेल्फच्या मंद गतीला रेलमध्ये पुरेसा दाबच उभा राहत नाही. आता संशय पुरवठ्याच्या बाजूला सरकला.

मग व्हॅक्यूम गेज. फिल्टरमधून बाहेर पडून पंपाकडे जाणाऱ्या नळीत टी, म्हणजे तीन तोंडांचा जोड, लावला. त्याच्या एका तोंडाला डिझेल सोसणारा पारदर्शक होजचा तुकडा, दुसऱ्याला लांब नळीवरचं गेज. नळी गरम मॅनिफोल्डपासून आणि पंख्यापासून दूर बांधून बोनेटच्या फटीतून बाहेर काढली, गेज काचेला बाहेरून टेपने चिकटवला. गेज केबिनच्या आत आणायचा नाही. नळी सुटली तर डिझेल मांडीवर.

आयडलवर ओढ ०.१ बार. मामा चालवायला, मी एका डोळ्याने गेज आणि एका डोळ्याने फोन. चढ सुरू झाला तेव्हा ०.२. अर्ध्या चढावर ०.३५. नंतर काटा हळूहळू, पण न थांबता वर. ०.४५ ला रेल अजून मागणीइतकी होती. ०.५५ च्या आसपास रेल मागे पडायला लागली आणि ०.६ ला पिवळा दिवा.

इथे दोन आजारांतला फरक सांगायला हवा, कारण लक्षणं सारखीच दिसतात. ओढीच्या बाजूला कुठेतरी हवा शिरत असेल तर गेजवरची ओढ कमी राहते आणि पारदर्शक होजमध्ये बुडबुडे धावतात. वाट तुंबली असेल तर ओढ वाढत जाते आणि होजमध्ये डिझेल बऱ्यापैकी निवळ दिसतं, फार तर अगदी बारीक फेस, कारण ओढ खूप वाढली की डिझेलमध्ये विरघळलेली हवाच बाहेर पडायला लागते. आमची ओढ वाढत होती आणि होज निवळ. म्हणजे तुंबलंय. टी फिल्टरनंतर लावलेला, फिल्टर नवा, म्हणून तुंबा टाकी ते फिल्टर या टप्प्यात. फिल्टरच्या आधी गेज लावून पाहिला तर तिथेही जवळपास तेवढीच ओढ, मग शंका उरली नाही.

तरीही टाकी उतरवणं हे अंगावर येणारं काम, म्हणून एक खात्री आणखी केली. मागच्या हौद्यात केबिनला लागून कॅन उभा बांधला, त्यात गाळलेलं स्वच्छ डिझेल. फिल्टरकडे येणारी नळी त्यात सोडली आणि रिटर्नही त्याच कॅनमध्ये. रिटर्न विसरला तर कॅन बघता बघता रिकामा होतो आणि टाकी भरत जाते, कारण या पंपांना इंजिन जाळतं त्याच्या कितीतरी पट डिझेल फिरवायची सवय असते. कॅन केबिनमध्ये किंवा बोनेटखाली ठेवण्याचा विचारही करू नये. तपासणी छोटी ठेवली, एक चढ वर आणि एक खाली.

त्याच चढावर ओढ ०.१५. मागणी १४००, मिळतोय १३९०. गाडीने चढ असा घेतला की मामांनी माथ्यावर जाऊन हॉर्न वाजवला.

पंप, रेल, इंजेक्टर, सगळे एका कॅनने निर्दोष सुटले.

रात्री मामांनी विचारलं, ही रेलची भानगड काढली कोणी. मी म्हटलं, कल्पना बरीच जुनी. स्वित्झर्लंडच्या रॉबर्ट ह्यूबर यांनी १९६०च्या दशकात नमुना तयार केला होता. ट्रकमध्ये डेन्सोची प्रणाली १९९५ साली आली आणि प्रवासी गाडीत बॉशची १९९७ साली, अल्फा रोमियो १५६मध्ये. मामांचं यावरचं मत: "म्हणजे मी गाडी शिकलो तेव्हा हे कागदावर होतं. मग माझी काय चूक?"

गुरुवार, टाकी

टाकी सुमारे निम्मी भरलेली. निचऱ्याचा बोल्ट सोडून डिझेल कॅनमध्ये काढलं. पहिल्या कॅनचा तळ काळा, शेवटच्या कॅनमध्ये पाणी स्पष्ट दिसत होतं. बॅटरीची निगेटिव्ह तार काढली, जवळपास विडी-काडी नाही, वारा खेळता. टाकीखाली फळी आणि फळीखाली जॅक, पट्ट्यांचे बोल्ट सोडून टाकी बेताबेताने खाली. एक नळी आणि एक वायर वरच्या बाजूला असते, ती आधी सोडली नाही तर टाकी अर्ध्यात लटकते. मामांच्या हाताला हे सगळं पाठ होतं. कॉमन रेल असो की आणखी काही, टाकी टाकीच असते, आणि या दिवशी बघ्याची भूमिका माझ्याकडे आली.

वरची रिंग फिरवून सेंडर युनिट, म्हणजे डिझेलची पातळी सांगणारा भाग, बाहेर काढलं. त्याच्या टोकाला ओढनळी आणि ओढनळीच्या तोंडाला बारीक जाळी. जाळीचा रंग दिसत नव्हता. तिच्यावर तपकिरी-काळा, जाड, बोटाला चिकटणारा थर होता आणि टाकीच्या तळाला तसलेच तुकडे सुटे पडले होते.

डिझेलमध्ये बुरशी वाढते. सगळ्यात प्रसिद्ध तिचं नाव हॉर्मोकोनिस रेझिनी. तिला पाणी लागतं आणि खायला डिझेल. म्हणून ती दोघांच्या सीमेवर राहते, वर डिझेल, खाली पाणी, मधे हिची चादर. पाणी येतं कुठून? अर्धी रिकामी टाकी महिनोन्‌महिने उभी राहिली की आतल्या दमट हवेतलं पाणी थंडीत पत्र्यावर जमतं आणि ओघळून तळाला बसतं. बायोडिझेल मिसळलेलं इंधन साध्या डिझेलपेक्षा जास्त पाणी धरून ठेवतं, त्यात तिचं अधिकच फावतं.

"मामा, गाडी मध्ये किती दिवस उभी होती?"

मामांनी उत्तर द्यायला वेळ घेतला. "शेडमध्ये होती. बरेच महिने. टाकी अर्धी होती बहुतेक."

आता सोमवारचं कोडं सुटतं. आयडलला ओढ कमी, तळातले तुकडे आपल्या जागी. चढावर ओढ वाढली की ते जाळीकडे खेचले जातात, एकेक करून चिकटतात, वाट अरुंद होते, ओढ आणखी वाढते, आणखी तुकडे येतात. काटा न थांबता वर चढत होता तो याच कारणाने. इंजिन बंद केलं की ओढ शून्य, तुकडे जाळीवरून सुटून खाली. खड्ड्यांत टाकी ढवळली की तुकडे सगळीकडे पसरतात, म्हणून कच्च्या रस्त्यावर हाल जास्त. नवा फिल्टर या सगळ्याच्या पुढे बसलेला, तो काय करणार.

साफसफाईत निम्मा दिवस गेला. टाकी आतून न सुटणाऱ्या धाग्यांच्या फडक्याने पुसली, थोडं स्वच्छ डिझेल घालून हलवलं, ओतलं, पुन्हा पुसलं. पाण्याने धुतली नाही, पाणी काढण्यासाठीच तर ही सगळी मेहनत. जाळी डिझेलमध्ये मऊ ब्रशने धुतली, फाटलेली नाही हे उजेडात धरून बघितलं. काहीजण जाळीच काढून टाकतात, म्हणजे पुन्हा तुंबायला नको. मला ते पटत नाही. जाळी गेली तर हेच तुकडे नळीच्या वाकात किंवा फिल्टरच्या तोंडाशी जाऊन बसतील, तिथून काढणं आणखी कठीण. ओढनळीची लाइन दोन्ही टोकांनी मोकळी करून फिल्टरच्या बाजूने टाकीकडे हलकी हवा मारली, टोकाला फडकं धरून. काळा गोळा पडला तेव्हा मामांना फार आनंद झाला. रिंगची सील नवी टाकली. खराब डिझेल वेगळ्या कॅनमध्ये बंद करून ठेवलं, जमिनीवर ओतलं नाही. कॅन प्लास्टिकचे घ्यावेत किंवा डिझेलसाठीचेच. जस्ताचा मुलामा असलेल्या भांड्यात डिझेल ठेवू नये, जस्त विरघळून इंधनात उतरतं आणि इंजेक्टरच्या टोकांवर साठतं.

टाकी वर, ताजं डिझेल, डब्यावरच्या मापाने बुरशीनाशक. ते माप अंदाजाने वाढवायचं नसतं. आणखी एक नवा फिल्टर.

शुक्रवार, खिंड

सकाळी गाडी चालू होईना. सेल्फ फिरतोय, रेलचा आकडा १००च्या पुढे जात नाही. सेल्फला एका वेळी दहा सेकंदांपेक्षा जास्त राबवलं नाही, मध्ये विश्रांती देत राहिलो. चौथ्या-पाचव्या वेळी फडफडत चालू झाली. पारदर्शक होज अजून तिथेच होता. त्यातून बुडबुड्यांची रांग गेली आणि मग डिझेल निवळलं.

हा बुधवारी सांगितलेला दुसरा आजार. ओढीच्या बाजूची गळती डिझेलचा थेंब बाहेर सांडत नाही, हवा आत घेते. खाली ओल शोधून काही सापडत नाही. रात्री गाडी उभी असताना हवा शिरते, नळीतलं डिझेल उतरून टाकीत परत जातं आणि सकाळी पंपाला नुसती हवा मिळते. नळी टप्प्याटप्प्याने हलवून बघितली. फिल्टरच्या डोक्यावरच्या झटपट जोडाला हात लावला की बुडबुडे येत. जोड उघडला तर आतली ओ-रिंग कडक होऊन चपटी झालेली. इतके दिवस ती कशीबशी बसली होती, जोड सुटून परत लागल्यावर तिने राम म्हटला. नवी रिंग डिझेलचं बोट लावून बसवली, प्रायमर घट्ट होईपर्यंत दाबला, अर्धा तास उभी करून पुन्हा चालू केली. पहिल्या फेऱ्यात.

गेज काचेवर ठेवूनच खिंड चढायला घेतली, कारण खरी परीक्षा तिथे होती. ओढीवर चालणाऱ्या या गाड्यांत पंप डिझेल ओढतो असं आपण म्हणतो, पण टाकीतलं डिझेल वर ढकलते ती बाहेरची हवा. समुद्रसपाटीला ती सुमारे १ बारने ढकलते, २००० मीटरवर ०.८ बारने. म्हणजे पंपाच्या हाताशी असलेला साठाच पाचव्या हिश्श्याने कमी. सपाटीवर खपून जाणारा अर्धवट तुंबा उंचीवर गाडी थांबवतो. सोमवारच्या अवस्थेत आम्ही इथवर आलो असतो तर खिंडीच्या अलीकडेच मुक्काम पडला असता, आणि तिथे गाडी लावायला जागाही नाही.

ओढ ०.१५ ते ०.२ च्या मध्ये घुटमळत राहिली. शेवटच्या वळणावर मागणी १४५०, मिळतोय १४४०. माथ्यावर वारा एवढा की दरवाजा उघडायला जोर लागला. पलीकडची दरी ढगांखाली होती. उतारावर आकडे बघण्यासारखं काही नसतं. पाय सुटला की मागणी पडते आणि इंजिन नुसतं फिरतं. फोन खिशात टाकला.

शनिवार, दरी

माल दुपारी उतरवला. लोकांनी गाडीबद्दल विचारलं नाही आणि मामांनी आपणहून सगळं सांगितलं, सोमवारच्या पहिल्या थांब्यापासून. त्यांच्या सांगण्यात जाळीवरचा थर दर वेळी थोडा जाड होत होता.

परतीला निघण्याआधी गेज आणि टी काढून मूळ नळी जोडली, क्लिपा नव्या टाकल्या. तपासणीचा पारदर्शक होज कायमचा ठेवण्याचा मोह होतो, पण इंजिनच्या उष्णतेत तो टिकत नाही. गाडीत दोन फिल्टर जास्तीचे ठेवले. बुरशीनाशकाने मेलेली बुरशी लगेच नाहीशी होत नाही. तिचे कण सुटून फिल्टरमध्ये येत राहतात, म्हणून पुढचा फिल्टर ठरल्या अंतराची वाट न बघता तीनशे किलोमीटरवर कापून बघायचा आणि त्यातला काळेपणा बघून त्याच्या पुढचा ठरवायचा. फिल्टरखालचं पाणी दर डिझेल भरण्याला काढायचं आणि रात्री टाकी भरलेली ठेवायची.

मामांनी हे सगळं डायरीत लिहून घेतलं. मग स्कॅनर कुठे मिळतो ते विचारलं.